डोळ्याचं दुखणं मानेत निघालं

आधीच सांगते, मला अजून सगळं नीट कळलेलं नाही. डॉक्टरांनी तीनदा समजावलं, मुलाने मोबाईलवर व्हिडिओ दाखवले, तरी कोणी विचारलं की "नक्की काय झालं होतं तुला?" तर मी तोंड उघडते आणि मध्येच अडकते. कारण झालं असं काहीच नव्हतं. होणार होतं. आता न झालेल्या गोष्टीचं वर्णन करायचं तरी कसं? तरी लिहितेय, कारण माझ्यासारखी एखादी बाई आत्ता कुठेतरी चष्म्याच्या दुकानात भांडत उभी असेल.

पडदा

मी चारकोपला राहते. गेली बावीस वर्षं इमिटेशन दागिन्यांना खडे लावायचं काम करते. मालाडहून माल घरी येतो, बांगड्या, झुमके, ठुशा. मी आणि माझी धाकटी जाऊ रेश्मा खिडकीपाशी बसतो, गमचा थेंब टाकतो आणि चिमट्याने एकेक खडा बसवतो. हात चालतात, तोंडंही चालतात.

त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले असतील. डाव्या डोळ्यावर वरून काळा पडदा आला. हळूहळू, दुकानाचं शटर ओढतात तसा. मी डोळा चोळला. उजवा डोळा झाकून बघितलं तर सगळा अंधार. डावा झाकला तर सगळं स्वच्छ. दुखत काहीच नव्हतं. पाच-सात मिनिटांत पडदा आला तसा वर गेला.

रेश्मा म्हणाली, "ताई, काय झालं? अशा काय बसलात?"

"काही नाही गं, नंबर वाढला असेल."

आमच्या धंद्यात असंच असतं. डोकं दुखलं, चष्मा. मळमळलं, चष्मा. मान आखडली तरी चष्माच. मी संध्याकाळी सेक्टरमधल्या चष्मेवाल्याकडे गेले, मशीनमध्ये डोळे घातले, थोडा नंबर वाढला होताच, नवीन चष्मा केला. चार दिवसांनी नवा चष्मा लावून बसले होते आणि पुन्हा तोच पडदा, त्याच डोळ्यावर. मग मात्र माझं डोकं फिरलं. तशीच उठून दुकानात गेले.

"हा कसला चष्मा दिलात? मध्येच काळं होतं."

त्याने चष्मा घेतला, पुसला, उजेडात धरला. "काकी, काच मध्येच काळी कशी होईल?"

"ते तुम्ही सांगा. लावला की होतं."

"आणि काढला की?"

हे मी बघितलंच नव्हतं. पण दुकानात तसं कबूल कोण करतं. मी आणखी दहा मिनिटं बोलले. शेवटी तो वैतागून म्हणाला, "काकी, मी चष्मे विकतो. तुम्ही डोळ्याच्या डॉक्टरकडे जा, आणि आजच जा." मी त्याला नको ते बोलून बाहेर पडले. आज तो मला देवमाणूस वाटतो. मधे जाऊन माफी मागून आले, तर त्याला मी कोण ते आठवेना.

खडा

डोळ्याची डॉक्टर तरुण मुलगी होती, माझ्या मुलाच्या, नितीनच्या वयाची. तिने थेंब घालून अर्धा तास बसवलं, मग एका यंत्रापुढे हनुवटी टेकवून डोळ्याच्या आतल्या भागाचा फोटो काढला. फोटो बघताना तिचा चेहरा बदलला.

"तुमच्या डोळ्याच्या मागच्या बाजूला एका बारीक रक्तवाहिनीत एक चकचकीत कण अडकलाय," ती म्हणाली.

मला हायसंच वाटलं. एवढंच ना. "कामाचा असेल. खड्यांचा बारीक चुरा उडतो कधी कधी. चिमट्याने निघेल ना?"

मी अगदी मनापासून विचारलं होतं. ती हसली नाही. "काकू, हा बाहेरून गेलेला नाही. आतून आलाय. मानेतून."

मानेतून डोळ्यात. माझी मती गुंग झाली. तिने स्टेथोस्कोप माझ्या मानेला लावला, श्वास रोखून धरायला सांगितला, बराच वेळ ऐकलं. मग कागदावर भराभर लिहिलं आणि म्हणाली, "मानेची सोनोग्राफी आज करायची. रिपोर्ट घेऊन आजच मोठ्या हॉस्पिटलला जायचं. घरी जायचं नाही."

"आणि डोळ्याला थेंब?"

"थेंब नाहीत."

मला राग आला. थेंब न देणारा डोळ्याचा डॉक्टर मी आयुष्यात पाहिला नव्हता.

तपासण्या

सोनोग्राफी म्हटलं की मला दोन बाळंतपणं आठवतात. इथे मानेवर तो गार चिकट पदार्थ लावला आणि यंत्र फिरवायला लागले. उजव्या बाजूला पटकन झालं. डाव्या बाजूला तो डॉक्टर गप्पगप्प होत गेला. आधी बरं गाव विचारत होता, सावंतवाडीला त्याचं कोणीतरी होतं. मग गाव बंद झालं आणि यंत्रातून नुसता फुस् फुस् असा आवाज येत राहिला. आपलंच रक्त असं फुसफुसतंय हे ऐकून अंगावर काटा येतो.

संध्याकाळी मी हॉस्पिटलच्या कॉटवर होते, हाताला सुई, आणि दर तासाला कोणीतरी येऊन सांगायचं, दात दाखवा, दोन्ही हात वर करा, माझं बोट दाबा. मला काहीच होत नव्हतं. भूक लागली होती. शेजारच्या कॉटवरच्या बाईला खरा झटका आला होता, तिचं तोंड वाकडं होतं आणि तिची सून तिला पेज भरवत होती. मी पाय हलवत बसलेली, आणि त्या बाईपेक्षा माझ्यावर नर्सचं लक्ष जास्त. मला लाज वाटायला लागली, फुकट जागा अडवल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी एमआरआय. अंगावर धातू नको. मंगळसूत्र काढलं, जोडवी काढली, पण कानातल्या कुड्या निघेनात. लग्नापासूनच्या, मागची फिरकी फिरतच नव्हती. तिथल्या बाई म्हणाल्या, निघाल्याशिवाय आत नाही. रेश्माने पर्समधून कामाची बारीक पक्कड काढली. हो, पर्समध्ये असते तिच्या. "ताई, मान हलवू नका," म्हणाली आणि बाहेरच्या बाकड्यावर माझ्या कुड्या उघडल्या. मग स्वतःचंही सगळं उतरवून ती माझ्याबरोबर आत आली आणि मी त्या नळकांड्यात असेपर्यंत माझ्या पायाचा अंगठा धरून उभी राहिली. डोक्याशी ठकठक ठकठक चाललेली, श्वास कोंडल्यासारखा, आणि पायाशी तिचा हात. आमचं वर्षातून दोनदा तरी कडाक्याचं भांडण होतं. पण तो अंगठा मी विसरणार नाही.

मग सीटी स्कॅन झाला, त्यात औषध सोडल्यावर अंगातून गरम लाट जाते आणि वाटतं की आपण कपड्यांत केली. कोणी आधी सांगितलं नाही म्हणून मी सांगते. केलेली नसते.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला तीन-चार ताजे ठिपके आहेत. मानेतली डावी रक्ताची नळी चरबीच्या थराने खूप अरुंद झालीय, त्याचे कण सुटतात. एक डोळ्यात गेला, काही मेंदूत गेले. "आणि एक जुना डाग आहे."

"जुना म्हणजे कधीचा?"

"सांगता येत नाही. काही महिने, कदाचित काही वर्षं."

"मग तेव्हा मला काय झालं होतं?"

"ते तुम्हीच सांगायचं," डॉक्टर म्हणाले.

मी काय सांगणार? तीन दिवस मी तेच शोधत होते. गेल्या शिमग्याला गावी हातातून ताट निसटलं ते? भाचीच्या साखरपुड्यात तिलाच दुसऱ्या नावाने हाक मारली ती? की एखाद्या दुपारी मी नुसतीच झोपलेली असताना माझ्या डोक्यातला एवढासा तुकडा मेला आणि मी उठून चहा टाकला? माझ्या आयुष्यात एक गोष्ट घडून गेली आणि मलाच ठाऊक नाही.

आई

माझ्या आईला लकवा झाला होता. चार वर्षं अंथरुणाला होती. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, एकच शब्द राहिला, "बरं". पाणी हवं का, बरं. दुखतंय का, बरं. मेलीस तर बरं वाटेल का, असं तिला मी एकदा विचारलं, इतकी दमले होते मी तेव्हा. तिने माझ्याकडे बघून म्हटलं, "बरं."

त्याआधी महिनाभर तिच्या हातातून कप पडायचे. आम्ही तिच्यावर ओरडायचो, लक्ष कुठे असतं तुझं. कोणाच्या डोक्यात आलं नाही की डॉक्टरला दाखवावं. कप पडायचा, ती दोन मिनिटं हात चोळायची, मग सगळं ठीक. माझ्या पडद्यासारखंच.

म्हणून मला मरणाची भीती नव्हती. मला त्या एका शब्दाची भीती होती. हे मी घरात कोणाला सांगितलं नाही, रेश्मालासुद्धा नाही. इथे पहिल्यांदा लिहितेय.

घरातली मतं

हॉस्पिटलचे सर्जन म्हणाले, मानेत छेद देऊन नळी साफ करायची, आणि याच आठवड्यात. उशीर केला तर मोठा झटका येण्याचा धोका जास्त.

"ऑपरेशनमध्ये काही होणार नाही ना?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"ऑपरेशनमध्येच झटका येऊ शकतो," ते सरळ म्हणाले. "कमी जणांना येतो. पण येऊ शकतो."

"म्हणजे झटका येऊ नये म्हणून जे करायचं, त्यानेच झटका येऊ शकतो?"

"हो."

हे ऐकून आमचे हे खुर्चीत बसले ते उठेचनात. घाबरले की ते मालवणीत शिरतात. मला म्हणाले, "तुका काय दुखता? काय नाय. हात चलता, पाय चलता, तोंड तर चलताच. मग मानेर सुरी कित्याक?"

आमचे सेक्टरमधले डॉक्टर, ज्यांच्याकडे आम्ही वीस वर्षं जातो, ते फोनवर म्हणाले, गोळ्या घ्या, तीन महिन्यांनी परत सोनोग्राफी करू, घाई कशाला. नितीन रोज सकाळी मोबाईलवर नवीन काहीतरी वाचून यायचा. एक दिवस छेद न देता नळीत जाळी, म्हणजे स्टेंट, बसवणं चांगलं, दुसऱ्या दिवशी स्टेंट वाईट. "आई, अमेरिकेत ना..." म्हणाला की मी पांघरूण डोक्यावर घ्यायची. दोघेही डॉक्टर शिकलेले, दोघेही माझ्या भल्याचं बोलणारे, आणि एक म्हणतो आठवडा, दुसरा म्हणतो तीन महिने. मी सातवी शिकलेली. मी काय ठरवू?

ह्यांनी शेवटी गावी फोन लावला. मोठ्या दिरांनी देवळात जाऊन देवाला कौल लावला. दुपारी उलट फोन आला, उजवा कौल पडला, म्हणजे देवाचा होकार. हे एकदम खूश. "बघ, देवान सांगल्यान. ऑपरेशन नको."

"विचारलं काय होतं त्यांनी?" मी म्हटलं.

परत फोन. दीर म्हणाले, "विचारला, सगळा नीट होतला मां? देव म्हणालो, होय."

"म्हणजे केल्यावर नीट होईल की न करता?"

ते दिरांनी विचारलंच नव्हतं. देवाला परत विचारायचं तर दुसऱ्या दिवशीच, एका दिवसात एकच प्रश्न असं गुरव म्हणाला. मी हसायला लागले. हसता हसता रडायला आलं. सगळे माझ्यासाठी धावतायत आणि कोणालाच काही कळत नाहीये, हे त्या दिवशी मला नीट कळलं.

पडद्यावर

मी सर्जनना म्हटलं, "मला ते बघायचंय. रिपोर्ट नको, ते खरं बघायचंय."

त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण परत सोनोग्राफी करायची होतीच, तेव्हा तिथल्या डॉक्टरबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. आमचे हे शेजारी उभे. बाई बोटाने दाखवत होत्या, ही नळी, हा थर, इथून रक्त जातं. मला सगळं राखाडी धुरकट दिसत होतं. मी बघत राहिले. बघायची सवय आहे मला, दिवसाचे आठ तास तेच करते. आणि मग थराच्या काठाला काहीतरी बारीकसं दिसलं. प्रत्येक ठोक्याला लुकलुक हलत होतं.

"हे काय हलतंय?"

बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. "तुम्हाला दिसलं ते?"

"गम सुकला नसला की खडा असाच हलतो," मी म्हटलं.

असा हलणारा खडा हाताला लागला की मी तो पीस बाजूला काढते. आज पडेल की महिन्याने, ते सांगता येत नाही. गिऱ्हाईकाच्या गळ्यातही पडेल. पण पडतो, हे मी बावीस वर्षं बघितलंय. त्यासाठी मला ना कौल लागत ना मोबाईल.

मी ह्यांना म्हटलं, "अहो, बघा इथे." त्यांनी चष्मा चढवला, पुढे वाकले, खूप बघितलं. "माका काय दिसणा नाय."

"मला दिसतंय. मी करणार."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "तुका दिसता ना? मग कर." आणि बाहेर जाऊन बाकावर बसले आणि खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसत राहिले. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, त्यांना रडताना मी दुसऱ्यांदा बघितलं. कागदावर सही त्यांच्याआधी मी केली.

ऑपरेशन

मला वाटलं होतं झोपवतील. नाही झोपवलं. मान बधिर करायची आणि मी जागी राहायचं, म्हणजे मेंदूला रक्त कमी पडलं तर लगेच कळतं. तोंडाच्या बाजूला हिरवं कापड, आणि उजव्या हातात एक रबरी बदक. लहान मुलांचं असतं तसं, दाबलं की चूं वाजणारं. भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या, "काकू, मी म्हटलं दाबा की दाबायचं. एवढंच तुमचं काम."

मानेशी ओढाताण कळत होती, दुखत नव्हतं. "दाबा." चूं. "दाबा." चूं. मधूनच बाई विचारायच्या, मुलाचं नाव काय, आज वार कोणता. मध्ये एकदा सर्जन म्हणाले, साफ करायला आता नळी थोडा वेळ बंद करतोय. त्यानंतर "दाबा" फारच जास्त व्हायला लागलं. पलीकडून केरळची सिस्टरसुद्धा, "आंटी, दबाओ, जोर से." मी चिडले. म्हटलं, दाबतेय ना, किती वेळा सांगाल. बाकी काही विशेष झालं नाही.

त्याच दुपारी मी चहा मागितला. उजव्या हाताने कप धरला. हे दाराशी उभे राहून नुसता तो कप बघत होते.

नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसाने उपदेश करू नये, ऐकणाऱ्याला वैताग येतो. तरी एवढं सांगते. डोळ्यापुढे पडदा आला, तोंड वाकडं झालं, हातातली वस्तू पडली, शब्द सापडेना, आणि पाच मिनिटांत सगळं परत ठीक झालं, तर 'ठीक झालं' म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या हॉस्पिटलला जा आणि आतले फोटो काढून घ्या. "मला तर काहीच होत नाहीये" हे वाक्य मी स्वतः किती वेळा म्हटलं, मोजता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी सर्जन राउंडला आले. टाके बघितले, हात दाबून बघितला, खूश होते. म्हणाले, "ऑपरेशनचं काही आठवतं का?"

"सगळं आठवतं. ते बदक. सतत चूं चूं. कान किटले माझे."

त्यांनी बरोबर आलेल्या त्या केरळच्या सिस्टरकडे बघितलं. मग कॉटच्या कडेला बसले.

"काकू, मध्ये ते वाजायचं थांबलं होतं. नळी बंद केल्यावर तुमचा हात गळून पडला. आम्ही दाबा, दाबा म्हणत होतो आणि तुम्ही आमच्यावर रागावत होतात की दाबतेय ना. मग आम्ही आत तात्पुरती प्लास्टिकची नळी घातली, रक्त सुरू झालं, आणि हात परत आला. दोनेक मिनिटं गेली असतील."

"नाही," मी म्हटलं. "मी दाबत होते."

सिस्टरने हळूच 'नाही' अशी मान हलवली.

आता दोन महिने झाले. त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, खोटं कशाला सांगतील. पण मी डोळे मिटून तो दिवस आठवते तेव्हा मला मुठीतलं रबर लागतं, आवाज ऐकू येतो, आणि माझ्या आठवणीत ते बदक एकदाही थांबलेलं नाही.